बूड टेकून

निपाणीत, तंबाखूच्या जुन्या वखारीत आमचा सराव.
वखार रिकामी होऊन वर्षं झाली,
तरी जमिनीवर हात घासत सरकलं
की तळव्यांना अजून ठसका लागतो.
जाळं उभ्या माणसाच्या कमरेएवढं. आम्ही सहाजणी.
हेरेकर बाईंचा नियम एकच:
चेंडूला हात लागताना बूड जमिनीला हवं.
उचललंत की गेला गुण.

एका मंगळवारी बाईंनी चेंडू कपाटात ठेवला
आणि कुलूप लावलं.
म्हणाल्या, आज डोळे मिटून खेळायचं.
धारवाडचा हॉल बघा. दिवे बघा.
समोरच्या पोरींचे लांब हात बघा. शिट्टी ऐका.
मुमताज फिसकन हसली.
मल्लव्वानं विचारलं, निद्दी माडोदेन्री?

मला हसू आलं नाही.
रोज हजार विड्या वळते मी.
पान कापताना तेवढं बघायचं,
पुढचं सगळं बोटं बघतात,
चिमूट, वेढा, मुडप, दोरा.
तोवर मी कुठंही असते.

तर मी गेले धारवाडला.
हॉल होता. चेंडू वर होता, सावकाश फिरत.
आणि मी उभी होते.
दोन पायांवर.
उसाच्या ट्रॉलीखाली गेलेला डावा,
त्यात निळ्या पट्ट्याची ती चप्पलसुद्धा.
जाळं माझ्या कमरेशी.
खाली कुठंतरी बाकीच्या पाचजणी
वर बघत, मला हाका मारत,
आणि चेंडू त्यांच्या मधोमध पडला. टप्प.

बाई एकेकीला विचारत होत्या, काय दिसलं?
मुमताजला पंच दिसला, मिशीवाला.
लगमव्वाला स्वतःची सर्व्हिस, दरवेळी जाळ्यात.
माझं ऐकून बाई गप्प झाल्या.
त्यांच्या हातात प्रश्नांचा कागद होता,
त्यात हे नव्हतं.

बोलली ती निंगव्वा.
दोन वर्षांची असल्यापासून पोलिओ,
कधी उभीच राहिली नाही, स्वप्नातसुद्धा.
'अगं मग खाली बस की वैजू.
तू वर ऱ्हायलीस तर मला चेंडू कोण देणार?'

बसायला मला अकरा दिवस लागले.
दवाखान्यात पाय काढला तेव्हा भूल तरी होती.
इथं रोज डोळे मिटायचे
आणि जागेपणी तोच पाय पुन्हा काढून ठेवायचा.
कधी नुसती चप्पल निघाली.
कधी गुडघ्यापर्यंत आले आणि रडले,
बाईंना सांगितलं, चुरा गेला डोळ्यात.
मग एका रात्री, विड्यांचे कट्टे बांधता बांधता
केव्हा खाली आले कळलं नाही.
गार फरशी लागली बुडाला.
डावीकडं निंगव्वाचा हात,
जिथं असायचा तिथंच.

स्पर्धेच्या दिवशी तवंदीच्या घाटात
लॉरी आडवी झाली, बस थांबली.
पद्माक्का तीनदा म्हणाली, आता काय पोचत नाही आपण.
बाई म्हणाल्या, मिटा डोळे.
जिच्याकडं चेंडू तिनं पुढचीचं नाव घ्यायचं, बस्स.
लगमव्वा. मुमताज. वैजू. निंगव्वा.
पद्माक्का. वैजू. निंगव्वा.
मल्लव्वा मधेच ओरडली, औट!
आणि कुणीच भांडलं नाही,
सहाजणींनीही बघितला होता तो,
रेषेच्या वीतभर बाहेर.

कंडक्टर मागं आला, थबकला.
एवढ्या बायका डोळे मिटून, हात वर करून.
हळूच म्हणाला, कोण गेलं काय ओ?
निंगव्वा डोळे न उघडता म्हणाली,
थांब रे, शेवटचा गुण हाय.

धारवाडचा हॉल वेगळाच निघाला.
दिवे पिवळे. पंचाला मिशी नव्हती.
मुमताजला उगीचच वाईट वाटलं.
आम्ही सरकत सरकत आपापल्या जागी गेलो.
मी तळवा टेकवला, मग बूड.
फरशी गार होती.
ही माहितीची होती.